लाल तेलाची खूण

गाडी आधी आली की युसूफ चाचा आधी आले, हे मला आता नीट आठवत नाही. आठवतं ते असं, की एके सकाळी आमच्या फाटकाशी एक अजस्र हिरवी मोटार उभी होती आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवून एक उंच, सडपातळ माणूस आईला सलाम करत होता. हैदराबाद संस्थानातल्या पोलीस ॲक्शननंतर शहरातली कितीतरी मोठी घरं बंद झाली. कुणी हैदराबादला गेलं, कुणी आणखी दूर. त्यातल्याच एका जागीरदार घराण्याचे कागदपत्र माझ्या वडिलांनी, बापूंनी, पाहिले होते, आणि जाताना त्या लोकांनी ही गाडी बापूंना विकली. बापू उर्दूतून वकिली शिकलेले, तांगा सोडून दुसऱ्या वाहनात कधी न बसलेले. त्यांनी गाडी का घेतली, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. गाडीबरोबर तिचे ड्रायव्हर युसूफ चाचा आमच्याकडं आले. त्या दिवसांत चाचांच्या घरी काय काय घडलं होतं ते आमच्या घरात त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. त्यांचा धाकटा भाऊ त्यात जिवानिशी गेला होता, एवढं आम्हाला बाहेरून कळलं.

आम्ही छावणीच्या अलीकडं राहायचो. पहाटे छावणीतला बिगुल ऐकू यायचा आणि त्यापाठोपाठ काकूचा भाकरी थापण्याचा आवाज. काकू म्हणजे बापूंच्या थोरल्या भावाची बायको. ती गावाकडून आली ती आमच्याकडंच राहिली, पण तिची बोली शेवटपर्यंत गावाकडचीच होती. स्वयंपाकघरात सदा येसराच्या, म्हणजे भाजलेल्या धण्या-डाळींच्या पिठाच्या, आमटीचा वास असायचा. आजही धणे भाजताना माझ्या नाकाला ते घर गाठता येतं. अंगणात कडुनिंब, त्याच्या पलीकडं पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये ती गाडी. पुढं तिघं, मधल्या बाकावर चौघं, मागं पोरंटोरं, आणि सामान ठेवायचं तिथंही दोघं मावायची. बाहेरच्या अंगाला लाकडी पट्ट्या होत्या, त्यांना चाचा दर महिन्याला जवसाचं तेल चोळायचे. काकू म्हणायची, "लई मोठं जनावर आणलंय भाऊजींनी. याला चारा कोण घालणार?"

त्या गाडीला क्लच नव्हता. गिअर आपोआप बदलायचे. आज हे कुणाला नवल वाटणार नाही, पण तेव्हा शहरातले मिस्तरी मुद्दाम ती बघायला यायचे आणि मान हलवून परत जायचे. तिच्या गिअरच्या पेटीत वेगळंच तेल लागायचं, पातळ आणि डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल. ते मुंबईहून पत्र्याच्या डब्यांतून यायचं. चाचा म्हणायचे की या गाडीचा जीव इंजिनात नाही, या तेलात आहे. ते कमी पडलं तर पेटी जळेल, आणि जळाली तर हिंदुस्थानात ती दुरुस्त करणारा सापडायचा नाही. म्हणून दर रविवारी सकाळी, आणि लांब कुठं जायचं असलं तर त्या दिवशीही, तेल बघायचा एक सोहळाच असायचा.

सोहळाच म्हणायला हवा. गाडी सपाट जागी उभी करायची. इंजिन चांगलं तापू द्यायचं आणि चालूच ठेवायचं. मग पुढच्या बैठकीच्या उजव्या बाजूला, पाय ठेवायच्या जागी, रबराची चटई उलटायची. तिच्याखाली गाडीच्या तळात एक लहानसं झाकण होतं. ते उघडलं की आतून गरम वाफेसारखा वास यायचा, आणि तिथं हात घालून एक लांब पोलादी पट्टी ओढून काढायची. ती जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायची, परत पूर्ण आत सारायची, आणि दुसऱ्यांदा काढून बघायची. पट्टीवर दोन खुणा होत्या. तेल त्या दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ हवं. मग चाचा एक थेंब अंगठ्यावर घ्यायचे, बोटानं चोळायचे आणि नाकाशी न्यायचे. "खुशबू बदली तो समझो बीमार है," असं म्हणायचे. ते डोळे मिटून वास घ्यायचे तेव्हा आम्ही पोरं गप्प उभी राहायचो. तेलाचा वास गोडसर होता, आणि मला तो आवडायचा हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

सोहळा संपला की काकू आतून चहा पाठवायची. चाचांचा कप वेगळा होता, मोरीजवळच्या कोनाड्यात पालथा ठेवलेला. तो मीच नेऊन द्यायची आणि मीच विसळून परत पालथा घालायची. त्यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही. आज हे लिहिताना हात अडखळतो. पण होतं ते असं होतं. ईदेला त्यांच्या घरून शीरखुर्म्याचा डबा यायचा तो मात्र आम्ही पोरं चाटूनपुसून खायचो.

मी तेरा वर्षांची असेन, तेव्हा एका रविवारी चाचा मला म्हणाले, "बेटी, आज पट्टी तू पढ. मैं चश्मा घर पे भूल गया." त्यांना चष्मा होता हेच मला ठाऊक नव्हतं. मी चटई उलटली, पट्टी काढली, पुसली, घातली, काढली आणि सांगितलं, वरच्या खुणेच्या बोटभर खाली. त्यांनी शाबासकी दिली. पुढच्या रविवारीही ते चष्मा विसरले. मग ते काम माझंच झालं. भावांनी भांडून पाहिलं, पण चाचा म्हणाले, "नक्को. इसका हाथ हल्का है."

त्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडं होतं. आपल्या रस्त्यांवर डावीकडच्या ड्रायव्हरला पुढच्या गाडीच्या आडून समोरचं दिसत नाही. दिसतं ते उजवीकडं बसणाऱ्याला. झाकण त्याच बाजूला, म्हणून ती जागा आपोआप माझी झाली. सुरुवातीला मी फक्त कुणाला ओलांडून पुढं जाताना सांगायची, "चाचा, रस्ता मोकळाय." हळूहळू ते मला जास्त विचारू लागले. "वो क्या है बेटी, बैलगाडी?" "नाही चाचा, कडब्याची गंजी आहे." मग मी न विचारताच सांगू लागले. डावीकडं शेळ्या, पुढं पूल, सायकलवाला, दोन बाया पाण्याच्या घागरी घेऊन. मागच्या बाकावरून आई म्हणायची, "सुमे, तोंडाला जरा विसावा दे." काकू म्हणायची, "व्हय बाई, हिच्या बडबडीनं माझं कपाळ उठलं." सगळ्यांना मी बडबडी वाटायची. मला कधी कळलं, की मी बडबड करत नव्हते? कुठल्या दिवशी, ते सांगता येत नाही. एकदा पट्टी माझ्या हातात होती, खालून वरपर्यंत लालेलाल, उन्हात चकाकत होती, आणि माझ्या शेजारी गुडघ्यावर बसलेल्या चाचांनी माझ्या कोपराकडं बघत विचारलं, "निकाली क्या?" मी "हो" म्हणाले. त्यांचे डोळे मी प्रथमच नीट पाहिले. बुबुळावर दुधाची साय धरावी तसं काही होतं.

मी ते कुणाला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, याचं उत्तर मी आयुष्यभर वेगवेगळं देत आलेय. सांगितलं तर चाचा जातील, हे एक होतंच. पण दुसरंही होतं. त्या घरात, जिथं मुलीनं पाणी भरावं आणि गप्प बसावं, तिथं ती दहा-अकरा माणसांनी भरलेली प्रचंड गाडी माझ्या बोलण्यावर चालत होती. मला त्याचा अभिमान होता. तो अभिमान पडेगावच्या पुढं एका दुपारी संपला. मी मागं वळून धाकट्या भावावर ओरडत होते. तेवढ्या दोन-चार क्षणांत मी पुढं पाहिलं नाही. पुन्हा वळले तर समोर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई. मी किंचाळले. चाचांनी ब्रेक दाबला, गाडी आडवी होत थांबली, आणि ती बाई हात लावता येईल एवढ्या अंतरावर, भाऱ्याखालून आमच्याकडं बघत उभी राहिली. बापू म्हणाले, "रस्त्याच्या मधून चालतात ही माणसं." कुणी चाचांना बोललं नाही. चाचा मात्र त्या दिवशी गाडी शेडमध्ये लावल्यावर बराच वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिले.

माझी थोरली बहीण कुसुमताई लासूर स्टेशनला दिली होती. तिच्या सासऱ्यांची तिथं आडत होती. तिला सातवा महिना लागला तेव्हा सगळ्यांनी गाडीनं जायचं, डोहाळजेवण करायचं आणि तिला बाळंतपणासाठी घेऊन यायचं, असं ठरलं. सासरच्यांनी दिवस कळवला आणि नेमका त्याच दिवशी माझा इंटरच्या परीक्षेचा पेपर. मी नसताना गाडी जाणार होती. जाताना आई, बापू, काकू, पोरं. आणि येताना पोटुशी कुसुमताई. चार दिवस मी पुस्तक उघडून बसायची आणि मला अक्षर दिसायचं नाही, ती गवताच्या भाऱ्याखालची बाई दिसायची. दोनदा मी बापूंच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आत ते अशिलाशी बोलत होते. मी परत आले. चाचांनाच सांगावं, "तुम्ही जाऊ नका," असंही वाटलं. पण त्यांना दिसत नाही हे आम्ही दोघं एकमेकांशी कधीच बोललो नव्हतो, आणि ते बोलायला माझी जीभ उचलेना.

तो दिवस उजाडला. काकूनं धपाट्यांची दुरडी बांधली, दह्याचं मडकं फडक्यात गुंडाळलं, ओटीचं सामान, हिरवी साडी, फुलांची वाडी असं सगळं गाडीत गेलं. पोरं मागं चढून बसली. चाचांनी गाडी शेडमधून उलटी काढली, कडुनिंबाखाली सपाटीवर लावली आणि नेहमीसारखं म्हणाले, "चल बेटी, पट्टी देख ले." मी परीक्षेचं पॅड कट्ट्यावर ठेवलं, चटई उलटली. पट्टी काढली, पुसली, घातली, परत काढली. तेल अगदी वरच्या खुणेला टेकलं होतं. त्याहून चांगलं ते कधीच नव्हतं.

"चाचा," मी म्हणाले, "तेल नाही."

"क्या?"

"खालच्या खुणेच्याही खाली गेलंय."

इंजिन गुरगुरत होतं. चाचा माझ्याकडं, म्हणजे माझ्या आवाजाकडं, तोंड करून थांबले. मला त्यांनीच शिकवलेलं होतं, की तेल कमी असलं तर उलटा गिअर टाकल्यावर गाडी लगेच हलत नाही, क्षणभर घुटमळते. आणि आत्ताच ती शेडमधून लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली होती. हे माझ्या ध्यानात आलं ते बोलून झाल्यावर.

"एक बार और देख," ते हळूच म्हणाले.

मी पुन्हा पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. लाल तेल त्याच जागी. "नाही चाचा. नाहीच आहे."

बापू पायरीवरून म्हणाले, "काय झालं, युसूफमियाँ? कमी असंल तर घाला की. परवाच डबा फोडला ना?"

डबा शेडच्या फळीवर होता. अर्ध्याहून जास्त भरलेला. तो मला दिसत होता. चाचांना दिसत नव्हता, पण त्यात किती तेल आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ते वळले, डाव्या हातानं दार चाचपडलं, आत हात घालून इंजिन बंद केलं. 

"डब्बा खाली है, साब," चाचा म्हणाले. "आज गाडी नै जाती."

मग एकच धावपळ उडाली. सामान उतरवलं, दोन तांगे आणले, आणि सगळी मंडळी काचीगुड्याच्या लाइनवरची रेल्वे धरायला स्टेशनला गेली. काकू तांग्यात बसताना म्हणाली, "म्या म्हणलं नव्हतं? ऐन वक्ताला बसलं जनावर." आई मला पेपरला उशीर करू नकोस म्हणाली. तांगे वळले. फाटकात मी आणि चाचा राहिलो.

मला वाटलं ते विचारतील. ते कट्ट्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "कब से मालूम था तेरेकू?"

"दोन वर्षं झाली," मी म्हणाले आणि रडायला लागले.

"रो नक्को. परचा है ना आज? जा." मी उठले तसे ते म्हणाले, "बेटी, मैं भी रात से सोच रहा था, कायसे मना करूं. तू ने मेरे से पहले कर दिया." आणि म्हणाले, "उस औरत का भारा मेरेकू दिखाच नै था."

त्या दिवशीचा पेपर मी कसा लिहिला ते देव जाणे. पास झाले एवढं खरं.

तिसऱ्या दिवशी मंडळी कुसुमताईला घेऊन रेल्वेनं परत आली. तांगे फाटकाशी थांबले तेव्हा चाचा तिथं उभे होते, धुतलेला सदरा घालून. बापू खाली उतरताच ते म्हणाले, "वकीलसाब, एक बात कहनी है. मेरेकू दिखता नै. चार-पाँच बरस से कम था. अब तो बिल्कुल नै दिखता."

बापूंच्या हातात कुसुमताईची पेटी होती. ती त्यांनी खाली ठेवली. "आणि माझी लेकरं तुमच्या गाडीत बसत होती?"

"हौ."

"डब्यात तेल होतं?"

"हौ. था."

बापूंनी दाराकडं पाहिलं. दारात मी होते. "सुमनला ठाऊक होतं हे?"

"नै साब," चाचा तत्काळ म्हणाले. "बच्ची को क्या मालूम."

तेव्हा मी गप्प राहिले असते तर निभावलं असतं. मी पायरी उतरून खाली गेले आणि म्हणाले, "मला ठाऊक होतं, बापू. तेलही होतं. मीच खोटं बोलले."

बापूंनी मला मारलं नाही. त्यांनी मला आयुष्यात कधी मारलं नाही. ते आत निघून गेले आणि त्यानंतर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना "मीठ दे" एवढंही माझ्या भावाला सांगायचे. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी तांगा बोलावला, मला म्हणाले, "चल," आणि आम्ही चाचांच्या घरी गेलो. चाचांना मोतीबिंदू होता, आणि ते ऑपरेशनला भीत होते. त्यांच्या मामाचे डोळे एका जर्राहानं, म्हणजे गावठी शस्त्रवैद्यानं, कायमचे घालवले होते. बापू त्यांच्या खाटेवर बसले आणि शुद्ध उर्दूत त्यांच्याशी तासभर बोलले. शेवटी चाचा हो म्हणाले. इस्पितळात डोळ्यांवर पट्ट्या बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून ते आठवडाभर हलायचं नाही म्हणून निजले होते. बापू कोर्टातून येताना रोज त्यांच्याकडं डोकावायचे. मला नेलं नाही.

तेवढ्यात गाडी विकली गेली. दुसरा ड्रायव्हर काही बापूंनी शोधला नाही. मुंबईचा कुणी हौशी गृहस्थ आपला माणूस घेऊन आला. त्या माणसाला तेलाचं झाकण सापडेना, तेव्हा मी पुढं होऊन चटई उलटून दाखवली. पट्टी कशी पुसायची तेही सांगितलं. तो हसला, म्हणाला, "बाई, आता राहू द्या." परवा माझ्या नातवानं आपोआप गिअरची गाडी घेतली. मी त्याला विचारलं, तेल कुठं बघतात? तो म्हणाला, "आजी, हिला पट्टीच नाही. सीलबंद असतं. वर्कशॉपवाले बघतात." मी बरं म्हणाले. त्याला काय सांगणार, की मी आयुष्यात जे सगळ्यांत नीट वाचलं ते एका पट्टीवरचं होतं.

गाडी गेल्यावर महिन्याभरानं मी अंगणात केस वाळवत बसले होते. फाटक वाजलं. चाचा आले होते. नाकावर जाड भिंगांचा चष्मा, त्यामागं डोळे मोठे मोठे दिसत होते, लहान मुलासारखे. ते शेडकडं वळतील, रिकामी शेड बघतील म्हणून मी घाबरून उठले. पण त्यांनी शेडकडं पाहिलंच नाही. ते माझ्याकडं बघत होते. कुणी अनोळखी बाई उभी असावी तसे.

"चाचा, मी सुमन."

"सुमन?" ते दोन पावलं पुढं आले. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्यांच्या डोळ्यांपुढं इतकी वर्षं जी उभी होती ती तेरा वर्षांची, परकर-पोलक्यातली, गुडघे खरचटलेली पोर होती. तिच्याशी ते बोलत होते, तिच्यावर विसंबून गाडी हाकत होते. आता समोर साडी नेसलेली, केस मोकळे सोडलेली अठरा वर्षांची मुलगी. त्यांच्या तोंडावर आधी आनंद आला, मग काहीतरी दुसरं आलं. "या अल्ला," ते म्हणाले, "आप तो बडे हो गए."

आणि त्यांनी नजर खाली घेतली. परक्या घरच्या तरण्याताठ्या मुलीपुढं भल्या माणसानं घ्यावी तशी. बापूंना सलाम सांगा म्हणाले, चहा नको म्हणाले, थोडा वेळ अंगणाच्या कडेला उभे राहिले आणि निघाले. त्यानंतर ते माझ्या लग्नाला आले, माझ्या पहिल्या मुलीला बघायला आले, बापू गेले तेव्हा आले. दर वेळी मायेनं बोलायचे, माझी विचारपूस करायचे. पण त्यांनी मला पुन्हा कधी "तू" म्हटलं नाही.